युनिट किती वाजताचं?

सोलर आणि अणुवीज या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आणि मेल मिळून इतकं आलं की सगळं एका अंकात मावणं शक्यच नाही. म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी बरीच वर्षं लोड डिस्पॅचच्या, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळवणाऱ्या केंद्राच्या, कंट्रोल रूममध्ये शिफ्ट केल्यात, त्यामुळे माझी उत्तरं त्या खुर्चीतून दिसतं तशीच येणार, हे आधी सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, सोलर एवढं स्वस्त झालंय तर अणुभट्ट्या बांधायचा हट्ट कशाला? मेहुणा म्हणतो अणूशिवाय पर्याय नाही, मी म्हणतो जिथे ऊन तिथे पॅनल लावा आणि मोकळे व्हा. भेटलो की हाच वाद. आमच्यात बरोबर कोण?

उत्तर : तुम्ही दोघं बहुतेक "एक युनिट केवढ्याला पडतं" यावर भांडताय, आणि माझ्या मते सगळी गडबड तिथेच आहे. मीटरवर युनिट म्हणजे युनिट, पण ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रांपासून घरांपर्यंतचं तारांचं जाळं, चालवणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, हे युनिट मला किती वाजता मिळणार? विजेचं असं आहे की ज्या क्षणाला वापरली त्याच क्षणाला ती कुठेतरी तयार व्हावी लागते, नाहीतर आधी साठवलेली हाताशी असावी लागते. निर्मिती आणि मागणी यांचा तोल जरा जरी ढळला तरी फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा, हलते, कुठे ती ५० हर्ट्झची असते कुठे ६० ची, आणि ती फार हलली की यंत्रं स्वतःला वाचवायला एकेक करून बाजूला व्हायला लागतात आणि मग अंधार.

दुपारी बारा वाजताचं सोलर म्हणाल तर त्याला खरंच तोड नाही. पॅनलच्या किमती २०१० नंतरच्या दहा वर्षांत जवळपास ९० टक्क्यांनी उतरल्या, इंधनाचा खर्च शून्य, हलणारा भाग जवळजवळ नाही. त्या वेळेपुरते तुम्ही जिंकलात. पण संध्याकाळी मी स्क्रीनसमोर बसलेली असायचे तेव्हा काय दिसायचं सांगू? ऊन उतरायला लागलं की सोलरची रेघ खाली घसरायला लागते आणि नेमकी त्याच वेळी माणसं घरी येतात, दिवे लागतात, मशिनं सुरू होतात, म्हणजे मागणीची रेघ वर चढते, आणि त्या दोन रेघांमधलं अंतर मगरीने जबडा उघडावा तसं उघडत जातं आणि तो जबडा दोन-तीन तासांत आपल्याला भरायचा असतो. कॅलिफोर्नियात २०१३ मध्येच ग्रिडवाल्यांनी याचा आलेख काढला होता, त्याचा आकार बदकासारखा दिसतो म्हणून जगभर त्याला 'डक कर्व्ह' हेच नाव पडलं.

आता आकडे. १००० मेगावॅटची अणुभट्टी नीट चालली तर वर्षातला ९० टक्के वेळ पूर्ण ताकदीने चालल्याइतकी वीज देते, म्हणजे सुमारे ७८८ कोटी युनिट. १००० मेगावॅटचा सोलर पार्क चांगल्या उन्हाच्या जागीसुद्धा वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १७५ कोटी युनिट. पाटीवर दोन्हीकडे १००० मेगावॅट लिहिलेलं असतं पण हातात पडणारी वीज साडेचार पट वेगळी, त्यामुळे "अमुक हजार मेगावॅट सोलर बसवलं" अशी बातमी वाचताना हा भागाकार डोक्यात ठेवा. मात्र उलट बाजूनेही हे लक्षात घ्या की युनिट स्वस्त पडत असेल तर साडेचार पट पॅनल लावायला कुणी अडवलेलं नाही, आणि जग तेच करतंय, २०२४ या एका वर्षात जगात ४०० गिगावॅटहून, म्हणजे ४ लाख मेगावॅटहून, जास्त सोलर बसलं.

मग राहिला संध्याकाळचा जबडा. त्यात बॅटरीने खरंच कमाल केलीय आणि हे मी मनापासून सांगते, कारण दहा वर्षांपूर्वी मीच म्हणायचे की हे जमणार नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॅटच्या वर गेली आणि त्याच महिन्यात संध्याकाळी काही वेळ ग्रिडला सगळ्यात जास्त वीज बॅटऱ्यांनीच दिली. दुपारचं ऊन रात्री आठला वापरणं आता प्रयोग राहिलेला नाही. पण या बॅटऱ्या एकदा भरल्या की पूर्ण ताकदीने साधारण चार तास पुरतात. रात्रभराचं भागवायचं तर अजून हव्यात, आठवडाभर आभाळ भरून राहिलं तर त्याहून किती तरी जास्त, आणि हिवाळ्याचं काय करायचं? जर्मनीत डिसेंबरचं सोलर उत्पादन जूनच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असतं. जूनमधलं ऊन डिसेंबरपर्यंत लिथियमच्या बॅटरीत भरून ठेवणं परवडत नाही, कारण ती बॅटरी वर्षातून एकदाच भरणार आणि एकदाच रिकामी होणार, मग तिचा खर्च वसूल कधी होणार. विषुववृत्ताजवळ हा त्रास बराच कमी, त्यामुळे तुमच्या वादाचं उत्तर तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात त्याप्रमाणे बदलतं.

आता मेहुण्यांसाठी. "अणू म्हणजे २४ तास" हे अर्धंच खरं. दर दीड-दोन वर्षांनी इंधन बदलायला भट्टी काही आठवडे बंद ठेवावी लागते, ते ठीक, ते आधी ठरवता येतं. पण फ्रान्समध्ये २०२१ च्या अखेरीपासून पाइपांच्या वेल्डिंगपाशी गंजाच्या भेगा सापडायला लागल्या, आणि एकाच धाटणीच्या अनेक भट्ट्या असल्यामुळे एकीत सापडलं की दुसरीतही तपासणं आलं, ही तपासणी आणि ठरलेली देखभाल मिळून २०२२ च्या ऑगस्टमध्ये ५६ पैकी निम्म्याहून जास्त भट्ट्या बंद होत्या. वर उन्हाळ्यात नद्यांचं पाणी तापलं म्हणून काही ठिकाणी निर्मिती कमी करावी लागली, कारण भट्टीतली जवळपास दोन तृतीयांश उष्णता पाण्यात किंवा हवेतच सोडायची असते. सोलर रोज संध्याकाळी जातं पण सांगून जातं, अणुभट्टी क्वचित जाते पण गेली की एका झटक्यात १००० मेगावॅट जातात, आणि तेवढी वीज बदली म्हणून दुसरीकडे तयार ठेवावीच लागते.

त्यामुळे मला विचाराल तर जिथे ऊन आहे तिथे आधी सोलर आणि बॅटरी जितकी जाईल तितकी घाला, आणि उरलेला जो रात्रीचा, हिवाळ्याचा, ढगाळ आठवड्याचा हिस्सा आहे तिथे अणुवीज, जलविद्युत, वारा यातलं जे हाताशी असेल ते. चालती, सुरक्षित अणुभट्टी मुदतीआधी बंद करणं मात्र मला पटत नाही. जर्मनीने शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या तेव्हा तिथे कोळशाची केंद्रं चालूच होती. क्रम उलटा हवा होता. कोळसा आधी.

प्रश्न : मी नववीत आहे. अणुभट्टी आणि सोलर पॅनल दोन्हीतून वीजच येते तर आत नेमका फरक काय असतो?

उत्तर : छान विचारलंस. अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी तापवायचंच यंत्र. युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला की ते फुटतं, उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढच्या केंद्रांना फोडतात, आणि ही साखळी हवी तेवढीच चालावी म्हणून मधे नियंत्रक कांड्या असतात. त्या उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने जनरेटर, म्हणजे पुढचं सगळं कोळशाच्या केंद्रासारखंच. बोटाच्या पेराएवढी एक इंधन-गोळी साधारण एक टन कोळशाइतकी ऊर्जा देते.

पॅनलमध्ये वाफ नाही, चाक नाही, काहीच फिरत नाही. उजेड सिलिकॉनवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि सिलिकॉनचे दोन वेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे ते एकाच दिशेला ढकलले जातात, झाला प्रवाह सुरू. एक गंमत लक्षात ठेव, पॅनलला ऊन हवं असतं पण गरमी नको असते, २५ अंशांच्या वर दर अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने कमी होते, म्हणून थंड आणि लख्ख उन्हाचा दिवस पॅनलला सगळ्यात जास्त मानवतो.

आणि अजून एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उजेडाने वीज तयार होते हे १८३९ मध्ये एडमंड बेकरेल यांनी पाहिलं, आणि युरेनियममधून अदृश्य किरण बाहेर पडतात हे १८९६ मध्ये हेन्री बेकरेल यांनी शोधलं. हे दोघं बापलेक! आज ज्या दोन विजा एकमेकींसमोर उभ्या करून आपण भांडतो त्या दोघींची सुरुवात एकाच घरात झालेली आहे. पुढे अमेरिकेत अणुभट्टीच्या विजेवर पहिल्यांदा चार दिवे पेटले ते २० डिसेंबर १९५१ ला, आणि कामाचा म्हणता येईल असा सिलिकॉनचा सौर घट तिथल्याच बेल लॅब्स या प्रयोगशाळेत १९५४ ला तयार झाला, तेव्हा तो उन्हातली फक्त ६ टक्के ऊर्जा पकडायचा. आजचे साधे पॅनल २० टक्क्यांच्या वर पकडतात.

प्रश्न : मला अणुऊर्जेची भीती वाटते हे मी स्पष्टच लिहिते. चेर्नोबिल, फुकुशिमा झालेलं असताना "सुरक्षित आहे" असं कुणी कसं म्हणू शकतं?

उत्तर : भीती वाटते म्हणून तुम्हाला कुणी अडाणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. आधी काय झालं ते नीट सांगते.

चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ ला एक चाचणी चालू होती, सुरक्षेच्या यंत्रणा बाजूला ठेवलेल्या होत्या, आणि त्या भट्टीची रचनाच अशी होती की पाण्याची वाफ झाली की साखळी मंदावायच्या ऐवजी भडकायची. वर बाहेरून जाड काँक्रीटचं बंदिस्त कवच नव्हतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत कर्मचारी आणि अग्निशमन दलाचे मिळून सुमारे ३० जण गेले, नंतर किरणोत्सारी आयोडीन दुधातून मुलांच्या पोटात गेल्यामुळे थायरॉइड कॅन्सरच्या हजारो केसेस झाल्या. सगळ्यात जास्त किरणोत्सर्ग सोसलेल्या लोकांमध्ये एकूण मृत्यू ४००० पर्यंत जाऊ शकतात असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेसह काही संस्थांनी २००५ मध्ये मांडला होता.

फुकुशिमाचं वेगळं. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला आणि चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप, व्यवस्थित बंद झाल्या. मग अपघात कसा झाला? इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट आहे, आणि मला विचाराल तर अणुभट्टीचा सगळा धोका या एका गोष्टीत आहे : भट्टी बंद केली तरी ती लगेच गार होत नाही. आतले तुकडे झालेले अणू तुटत राहतात आणि उष्णता देत राहतात. १००० मेगावॅट वीज देणारी भट्टी आत सुमारे ३००० मेगावॅट उष्णता तयार करते, बंद केल्या क्षणी त्यातली ६-७ टक्के, म्हणजे २०० मेगावॅटच्या घरात, तशीच येत राहते. एका दिवसाने ती अर्ध्या टक्क्यावर येते, तरीही १५ मेगावॅट, आणि ती काढायला पंप हवेत आणि पंपांना वीज हवी. फुकुशिमात भूकंपाने बाहेरची लाइन गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, आणि पाऊण-एक तासात १४-१५ मीटरची लाट आली आणि खालच्या भागात ठेवलेले जनरेटर आणि स्विचगिअर, म्हणजे वीज वाटणारी स्विचची कपाटं, बुडाले. वीज बनवणारं केंद्र विजेवाचून बुडालं. दीड लाखाच्या आसपास माणसांना घरं सोडावी लागली. किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून जपान सरकारने २०१८ मध्ये एक मृत्यू मान्य केला, पण त्या स्थलांतराच्या हालाने, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना हॉस्पिटलातून उचलून नेण्याने, मागाहून दोन हजारांवर माणसं गेली. हे मृत्यू मी अणूच्या खात्यातून वगळत नाही, वगळूही नयेत.

आता तुलना. दर १०० कोटी युनिटमागे अपघात आणि प्रदूषण मिळून किती माणसं जातात याचा जो हिशेब नेहमी दिला जातो त्यात कोळसा २५ च्या आसपास आहे, अणू ०.०३ आणि सोलर ०.०२, आणि अणूच्या आकड्यात चेर्नोबिल, फुकुशिमा दोन्ही धरलेले आहेत. सोलरमध्ये माणसं कशी जातात असं वाटेल, तर छपरावरून पडून, शॉक लागून, बसवताना. म्हणजे जीवितहानीत सोलर आणि अणू जवळजवळ शेजारी बसतात आणि कोळसा कुठल्या कुठे. मग भीती एवढी का? कारण कोळशाचा धूर रोज थोडा थोडा मारतो आणि अणूचा अपघात एका दिवसात गाव रिकामं करतो. पॅनल फुटलं तर काच गोळा करायची, कुणाला घर सोडावं लागत नाही. हा फरक खरा आहे, सरासरीच्या आकड्याने तो पुसला जात नाही, म्हणून जिथे तपासणी करणारी संस्था भट्टी चालवणाऱ्यापासून स्वतंत्र नाही आणि लोकांना माहिती मोकळेपणाने मिळत नाही तिथे अणुभट्टीला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी उभी राहीन.

एक मात्र मनातून काढून टाका, वीजकेंद्रातली भट्टी अणुबॉम्बसारखी फुटू शकत नाही. बहुतेक भट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५ तीन ते पाच टक्के असतं, बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास लागतं. चेर्नोबिलचा स्फोट वाफेचा होता आणि फुकुशिमाचे हायड्रोजनचे.

प्रश्न : कचऱ्याचं काय? अणूचा हजारो वर्षं टिकतो म्हणतात. आणि जुने पॅनल कुठे जाणार?

उत्तर : १००० मेगावॅटची भट्टी वर्षाला साधारण २५-३० टन वापरलेलं इंधन बाहेर काढते. आकाराने अगदी थोडं, पण घातक. काही वर्षं ते खोल पाण्यात ठेवतात, मग जाड पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत. कायमचं ठेवायला फिनलंडने ऑन्कालो नावाची जागा खणलीय, ४०० मीटरहून खोल, जुन्या खडकात, तांब्याच्या डब्यांत आणि भोवती फुगणारी माती. बाकीचे बहुतेक देश अजून जागा शोधण्यातच आहेत, आणि पुढच्या शेकडो पिढ्यांच्या अंगणात काहीतरी पुरून ठेवायचं तर त्याची जागा वीज वापरणाऱ्या पिढीनेच ठरवायला हवी असं मला वाटतं. खडकात हे टिकेल का, याला निसर्गाने एक उत्तर दिलेलं आहे. आफ्रिकेत गॅबनमधल्या ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीत युरेनियमची साखळी आपोआप सुरू झाली होती, १९७२ मध्ये ते उघडकीला आलं, आणि तिथले बरेचसे अवशेष जागचे फारसे हललेले नाहीत.

पॅनलचा कचरा उलट्या प्रकारचा. घातकपणा कमी, ढीग मोठा. २०५० पर्यंत तो जगभरात ७.८ कोटी टनांपर्यंत जाऊ शकतो असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला होता. वजनाने त्यात मुख्यतः काच आणि अॅल्युमिनियमची चौकट, दोन्ही परत वापरता येतं. अडचण आतल्या प्लास्टिकच्या थराची, त्याने सगळं इतकं घट्ट चिकटलेलं असतं की चांदी आणि सिलिकॉन सुटं करायला कष्ट पडतात. युरोपने २०१२ मध्ये पॅनल परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, तसा नियम सगळीकडे हवा, आणि आताच हवा, ढीग झाल्यावर नको.

प्रश्न : सोलरला जमीन फार लागते हे खरं का?

उत्तर : खरं. एका मेगावॅटला चार-पाच एकर धरा. १००० मेगावॅटच्या भट्टीइतकी वर्षाची वीज हवी तर २० हजार एकरांच्या आसपास, भट्टीला त्याचा लहानसा भाग पुरतो. पण सोलर छपरावर जातं, पार्किंगवर जातं, तलावावर तरंगतं, खाली मेंढ्याही चरतात. भट्टी छपरावर ठेवता येत नाही.

प्रश्न : हवामान बदल रोखायचा तर थांबायला वेळ नाही म्हणतात, मग दहा-पंधरा वर्षं लागणाऱ्या भट्ट्यांची वाट कशाला बघायची?

उत्तर : हा मला अणूविरुद्धचा सगळ्यात जोरकस मुद्दा वाटतो, किरणोत्सर्गापेक्षाही. फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ चं काम २००५ ला सुरू झालं, २००९ ला वीज यायची होती, नियमित यायला २०२३ उजाडलं. फ्रान्सची फ्लामनविल-३, सुरुवात २००७, ठरलेलं २०१२, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. भट्टीच्या खर्चात इंधन किरकोळ असतं, खरा खर्च बांधकाम आणि त्यावरचं व्याज, त्यामुळे उशीर झाला की वीज महागलीच. सोलर पार्क मात्र परवानग्या आणि लाइन मिळाली की एक-दोन वर्षांत उभा राहतो, आणि अर्धा झाला तरी अर्धी वीज देतो. अर्धी भट्टी काहीच देत नाही.

पण संयुक्त अरब अमिरातींनी बराकाला २०१२ मध्ये काम सुरू केलं आणि २०२४ पर्यंत एकाच नमुन्याच्या चारही भट्ट्या चालू केल्या, आज देशाची साधारण पाव वीज तिथून येते. एकच नमुना, तीच टीम, एकामागून एक, असं केलं तर जमतं. दर वेळी नवा नमुना घेऊन बसलं की होत नाही. कार्बनच्या बाबतीत दोन्ही चांगल्याच, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०१४ च्या अहवालात बांधकामापासून शेवटापर्यंत धरून एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात अणूचे १२ ग्रॅम, मोठ्या सोलरचे ४८, कोळशाचे ८२० असे मधले आकडे आहेत, आणि सोलरचा आकडा त्यानंतर अजून उतरलाय.

प्रश्न : आमच्या छपरावर पॅनल आहेत, तरी भर उन्हात लाइट गेली की घरातही अंधार! हे कसं?

उत्तर : हा प्रश्न सात जणांनी विचारलाय. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा, ग्रिडची फ्रिक्वेन्सी बघून तिच्या तालावर चालतो, ग्रिड गेलं की तो मुद्दाम बंद होतो, कारण बाहेर लाइनमन तार बंद आहे समजून खांबावर चढलेला असतो आणि तुमच्या छपरावरची वीज त्याच तारेत शिरली तर त्याचा जीव जाईल. अणुभट्टीलाही बाहेरच्या लाइनचा आधार लागतोच, वर फुकुशिमाचं सांगितलं, म्हणून त्यानंतर ठिकठिकाणी जास्तीचे पंप आणि जनरेटर पुराच्या पाण्यापासून लांब ठेवायला लागले. तुम्हाला लाइट गेल्यावर घर चालवायचं असेल तर बॅटरी आणि ग्रिडपासून स्वतःला वेगळं करू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, तो घेताना "ग्रिड गेल्यावर कुठले पॉइंट चालतील आणि किती तास" एवढं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.